सर्व्हर रूम हलवायची, पण कारखाना थांबता कामा नये

प्रश्न : चाकणला आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे, तीन पाळ्यांत चालतो, रविवारी सुट्टी. सर्व्हर रूम कारखान्यातच, प्रेस शॉपच्या भिंतीला लागून. दोन रॅक, लहान-मोठे तीसेक सर्व्हर (बहुतेक व्हर्च्युअल, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरनं उभे केलेले), एक स्टोरेज, डेटा साधारण १८ टीबी, त्यात रोज बदलणारा ६० जीबीच्या आसपास. लाइन २०० एमबीपीएसची. कंपनीनं नवी मुंबईत महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये जागा भाड्यानं घेतली आहे. साहेब म्हणतात, शनिवारी रात्री दुसरी पाळी सुटली की सामान ट्रकमध्ये घाला आणि सोमवारी पहिल्या पाळीला सगळं चालू द्या. ट्रान्सपोर्टवालाही 'एका रात्रीचं काम' म्हणतो. मला झोप लागेनाशी झाली आहे. हे असं जमतं का?
– आयटी व्यवस्थापक, चाकण

उत्तर : जमूनही जाईल, पण असं करू नका. साहेबांनाही हे उत्तर वाचायला द्या.

ट्रक वेळेत पोचेल. चाकणहून तळेगाव, तिथून एक्स्प्रेसवेनं घाट उतरून महापे, अंतर १२० किलोमीटरच्या घरात. पण या बेतात तुमची सगळी कंपनी त्या एका ट्रकमध्ये बसलेली असते. बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला, उतरवताना स्टोरेजला धक्का बसला, वर्षानुवर्षं बंद न झालेला सर्व्हर महापेला सुरूच झाला नाही, यातलं एक जरी घडलं तरी परत फिरायला जागा उरत नाही. मागं चाकणला खोली रिकामी आणि पुढं महापेला यंत्रं मुकी. ज्या दिवशी ट्रक निघेल, त्या दिवशी त्यातल्या एकाही यंत्रावर कंपनीचं काम चालू नसावं. आधी कामं हलवायची, यंत्रं मागाहून सवडीनं न्यायची. मी पुढं जे काही सांगते आहे ते सगळं यासाठीच.

तेव्हा पहिला खर्च मंजूर करून घ्या तो महापेच्या तात्पुरत्या सर्व्हरांचा. येत्या वर्षात नवे घ्यायचे ठरलेच असतील, तर ते आताच घ्या आणि डिलिव्हरी थेट महापेला मागवा. नसतील तर दोन-तीन महिन्यांसाठी सर्व्हर आणि स्टोरेज भाड्यानं मिळतं. तुमचे बहुतेक सर्व्हर व्हर्च्युअल आहेत, ही फार मोठी सोय आहे. त्यांची प्रत तिकडं उभी करून रोज ताजी ठेवता येते. काम एकदा तिकडं स्थिरावलं की चाकणची जुनी यंत्रं न्या, नाहीतर तिथंच संकटकाळची दुसरी प्रत म्हणून राहू द्या. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

आता डेटा. २०० एमबीपीएसच्या लाइनवरून १८ टीबी पाठवायला, ती लाइन पूर्ण क्षमतेनं आणि दुसरं काहीही न वाहता चालली तरी आठ दिवसांहून जास्त लागतात. दिवसा ती तुमच्याच लोकांना लागते, म्हणजे मुक्काम आणखी लांबला. १ जीबीपीएसची घेतलीत तरी ४० तास. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घ्या, एन्क्रिप्ट करा, माणसासोबत गाडीनं महापेला पाठवा आणि तिथं उतरवून घ्या. पासवर्ड त्याच गाडीतून जाऊ नये. त्यानंतर रोजचा ६० जीबीचा फरक लाइनवरून जाऊ द्या. हिशेबानं ४० मिनिटं, प्रत्यक्षात तासभर धरा. काही व्हेंडर सांगतील, की प्रत्येक नोंद दोन्हीकडे एकाच क्षणी लिहू. तुमच्या लाइनवर हे नको. लाइन अडखळली की चाकणचा ईआरपी, म्हणजे स्टॉकपासून बिलांपर्यंत सगळ्या नोंदी ठेवणारी प्रणाली, अडखळेल, आणि दोष मात्र तुमच्या माथी येईल.

हलवताना टप्पे पाडा. आधी चाचणीचे आणि जुन्या नोंदींचे सर्व्हर, मग एचआर, मग ड्रॉइंगची साठवण, शेवटी ईआरपी. पण ईआरपीचं ॲप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस यांची ताटातूट एका रात्रीसाठीसुद्धा करू नका. फायबरमधून प्रकाशाला एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. चाकण ते महापे जाऊन-येऊन सव्वा मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच झाले. केबलचा खरा मार्ग लांबचा असतो, वाटेत उपकरणं असतात, तेव्हा दोन मिलिसेकंद धरा. ऐकायला काहीच वाटत नाही. पण तुमचा स्टॉकचा अहवाल डेटाबेसला एकामागून एक २० हजार छोटे प्रश्न विचारत असेल, तर प्रत्येकी दोन मिलिसेकंदांनी ४० सेकंद नुसते प्रवासात गेले. कालपर्यंत पटकन येणारा अहवाल आज रखडला, की स्टोअरमधून फोन सुरू होतात आणि सगळे सर्व्हरमध्ये दोष शोधत बसतात.

हे टप्पे कागदावर पाडता येत नाहीत. कोण कोणाशी बोलतं हे आधी प्रत्यक्ष पाहावं लागतं. निदान एक पूर्ण महिना, त्यात मंथ एंड आलाच पाहिजे, स्विच आणि फायरवॉलवरची ये-जा नोंदवून घ्या. काही कामं महिन्यातून एकदाच उठतात. मी एका कारखान्यात पाहिलेलं सांगते. गेटजवळच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक जुना पीसी होता, धुळीनं माखलेला, वर सिक्युरिटीचं रजिस्टर ठेवलेलं. आयटीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. काट्याचं वजन तो एका मजकूर फाइलमध्ये लिहायचा आणि ती फाइल सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये टाकायचा. फोल्डरचा पत्ता नावानं दिलेला नव्हता. सर्व्हरचा आयपी, म्हणजे जाळ्यातला आकडी पत्ता, तोच सेटिंगमध्ये टाइप करून ठेवला होता, ती सेटिंग करणारा कंपनी सोडून गेला होता. सर्व्हर हलला असता तर वजन आलं नसतं, वजनाशिवाय गेट पास निघत नाही आणि गेट पासशिवाय गाडी सुटत नाही. ये-जा नोंदवली होती म्हणून तो सापडला. तुमच्याकडेही असा एखादा पीसी असणारच. बारकोडचे लेबल प्रिंटर, हजेरीची यंत्रं, प्रेस शॉपमधून आकडे ओढणारे संगणक, एकेक जागी जाऊन बघा आणि लिहिलेले आयपी शोधून त्यांच्या जागी नावं घाला.

मोठ्या कंपन्याही इथंच ठेचकाळतात. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरनं अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोचं डेटा सेंटर ऐन नाताळात घाईनं रिकामं करायला घेतलं. त्यानंतर सेवा बरेच दिवस अडखळत राहिली. प्रणालीत सॅक्रामेंटोचे सुमारे ७० हजार थेट उल्लेख होते आणि ते आपल्याला सांगितले गेले नव्हते, असं इलॉन मस्क यांनी नंतर सांगितलं.

आयपीचा दुसरा पदर बाहेरचा. बँकेला पेमेंटची फाइल थेट जात असेल, ई-इन्व्हॉइस मध्यस्थ कंपनीमार्फत निघत असेल, ग्राहक कंपनीचं पोर्टल तुमच्याकडून शेड्यूल घेत असेल, तर त्या सगळ्यांनी तुमचा चाकणचा सार्वजनिक आयपी नोंदवून ठेवलेला असतो. महापेला तो बदलेल. बँकेकडून नवा आयपी नोंदवून घ्यायला पत्र, सही-शिक्का, त्यांची अंतर्गत मंजुरी, असे कित्येक दिवस जातात. नवा आयपी हातात आला की त्याच दिवशी अर्ज द्या, आणि जुना काढा म्हणू नका. दोन्ही राहू द्या. प्रत्येक ठिकाणच्या माणसाचं नाव आणि मोबाइल लिहून घ्या. रविवारी पहाटे कॉल सेंटरचा नंबर कामाचा नसतो.

आता तालमीबद्दल, कारण सगळ्यात जास्त कुचराई इथंच होते. महापेला उभी केलेली प्रत सुरू करून पाहायची, पण बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडून. तसं केलं नाहीत तर त्या प्रतीतली ठरल्या वेळची कामं जागी होतात: पुरवठादारांना खऱ्या ई-मेल जातात, बँकेला तीच पेमेंटची फाइल दुसऱ्यांदा जाते. आधी बाहेरची वाट बंद, मग यंत्र सुरू. आणि तालीम आयटीवाल्यांनी आपापसात करायची नाही. स्टोअरच्या माणसानं जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) करावं, डिस्पॅचनं चलान छापावं, एचआरनं हजेरी ओढावी, हिशेब खात्यानं ट्रायल बॅलन्स काढावा. त्यांना शनिवारी अर्धा दिवस बोलवा, चहा-नाश्त्याची सोय करा आणि त्यांनी काढलेल्या चुका मान खाली घालून लिहून घ्या. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांहून जास्त ग्राहकांचे व्यवहार एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेले. जवळपास १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडेनात. चौकशीत निघालं, की नव्या प्रणालीसाठी डेटा सेंटरं दोन होती आणि भार सोसण्याची चाचणी त्यातल्या एकावरच झाली होती. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. जिथं काम चालणार आहे, त्याच जागी, त्याच यंत्रांवर, त्याच लाइनवर तालीम करायची.

मग ती रात्र. दुसरी पाळी साडेअकराला सुटते असं धरते. पावणेबाराला सगळ्यांना ईआरपीमधून बाहेर काढून नव्या नोंदी बंद. शेवटचा फरक महापेला जातो, ती अर्ध्या-पाऊण तासाची गोष्ट. मग जुळवाजुळव: शेवटचा इन्व्हॉइस नंबर, स्टॉकची एकूण किंमत, ट्रायल बॅलन्सचे आकडे दोन्हीकडे काढून हिशेब आणि स्टोअरच्या माणसांनी सही करायची. ही सही तुम्ही करू नका, ती त्यांचीच असली पाहिजे. त्यानंतर सर्व्हरची नावं नव्या पत्त्याकडे वळवायची. इथं टीटीएल लक्षात ठेवा. एखाद्या नावाचा पत्ता बाकीच्या यंत्रांनी किती सेकंद ध्यानात धरायचा तो हा आकडा. अनेक ठिकाणी तो ८६,४०० म्हणजे पुरा एक दिवस असतो. आठवडाभर आधी ३०० वर आणून ठेवलात, तर नाव वळवल्यावर पाच मिनिटांत बहुतेक यंत्रं महापेला पोचतात. आणि चाकणचा जुना ईआरपी खरोखर बंद करा. तो चुकून चालू राहिला आणि एखाद्या पीसीवरून त्यात नोंदी होत राहिल्या, तर दोन वेगवेगळी खरी वाटणारी खाती तयार होतात. ती निस्तरायला महिने जातात.

पहाटे चारपर्यंत तपासण्या उरकाव्यात. रविवारी दुपारी बारा ही परतीची वेळ ठरवा. तोवर मोठा अडथळा सुटला नाही तर नावं पुन्हा चाकणकडे वळवायची, रदबदली नाही. तेव्हा परतणं स्वस्त असतं, कारण नव्या नोंदी झालेल्याच नसतात. सोमवारी महापेला पहिला इन्व्हॉइस निघाला की परतणं अवघड होतं. म्हणून त्या क्षणापासून उलट्या दिशेनं, महापेहून चाकणला प्रत जात राहील अशी व्यवस्था निदान दोन आठवडे ठेवा. परत फिरायचं की नाही हे कोण सांगणार, त्या एका माणसाचं नाव आधी लिहून ठेवा. रात्रभर जागलेल्या सहा माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत हा निर्णय घ्यायचा नसतो.

त्या रात्री एखादी तातडीची गाडी सोडावी लागली तर? ई-वे बिल सरकारी पोर्टलवर ब्राउझरमधून हातानंही काढता येतं. डिस्पॅचच्या दोघांचे लॉगिन आधी तपासून घ्या, त्यांच्याकडून एकदा काढून घ्या, छापील चलानांचं बुक गेटवर ठेवा.

तारीख २१ ते २६ च्या दरम्यानच्या शनिवार-रविवारची धरा. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी, पुढं मंथ एंड, यांच्यामधली ही एवढीच मोकळी जागा आहे. अनेक जण दिवाळीची सुट्टी सुचवतात. कारखाना बंद असतो हे खरं, पण बँकेचा माणूस, लाइनवाल्याचा माणूस, व्हेंडरचा इंजिनिअर, सगळेच गावी गेलेले असतात. साधा शनिवार-रविवार बरा.

लाइनबद्दल एवढंच, की महापेला गेल्यावर तुमचा कारखाना तिच्यावर जगणार आहे. दोन कंपन्यांच्या दोन लाइन घ्या आणि त्या कारखान्यात कोणत्या बाजूनं येतात हे स्वतः उभं राहून बघा. दोन्ही एकाच रस्त्याच्या कडेनं येत असतील तर एका जेसीबीच्या फाळात दोन्ही तुटतील. चाकणचे रस्ते किती वेळा खोदले जातात हे तुम्हाला माहीत आहे. लॉगिन तपासणारा सर्व्हर, प्रिंट सर्व्हर, हजेरी आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चाकणलाच राहू द्या.

शेवटी माणसं. दोन चमू करा, एक रात्री बाराचा आणि एक सकाळी आठचा. रात्रीच्या चमूची महापेजवळ झोपायची सोय करा. रात्रभर काम करून कोणीही सकाळी स्वतः गाडी चालवत घाट चढून पुण्याला येणार नाही, हे लेखी नियमात घाला आणि ड्रायव्हर ठेवा. बजेटमध्ये काटछाट झाली तरी ही ओळ कापू देऊ नका.

साहेबांना आकडा हवाच असेल तर सांगा: शनिवारी रात्री चार तास ईआरपी बंद, बाकीच्या सेवा टप्प्याटप्प्यानं दहा-पंधरा मिनिटं. एक क्षणही बंद न होता हे करायचं, तर ईआरपी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी चालावा लागतो. रविवारची सुट्टी असलेल्या कारखान्यानं त्यावर पैसे घालू नयेत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर येतंय. एकच रॅक आहे. दुसरे सर्व्हर घेण्याची आमची ऐपत नाही. रॅक तसाच्या तसा चाकांवर ढकलत लिफ्टमधून खाली आणला, तर वायरी सोडाव्या लागणार नाहीत. चालेल का?
– शाखाधिकारी, कोल्हापूर

उत्तर : लिफ्टमधली पाटी वाचा. बहुतेक '८ व्यक्ती, ५४४ किलो' असं लिहिलेलं असेल. भरलेला पूर्ण उंचीचा (४२ यूचा) रॅक सहज त्याच्या वर जातो, आणि वजनाचा मध्य वर असला तर लिफ्टच्या उंबऱ्यावर चाक अडकून तो आडवाही होतो. माणसाच्या अंगावर आला तर काय होईल, याचा विचार करा. यंत्रं एकेक काढून हातानं न्या. रिकामा रॅक शेवटी; किंवा पहिल्या मजल्यावर दुसरा रॅक आधीच उभा करून त्याची वीज आणि वायरिंग तपासून ठेवा, तो खर्च फार नाही आणि तास-दोन तास वाचतात.

तुमच्याकडे परतीची दुसरी जागा नाही, म्हणून तयारी आधीच्या पंधरवड्यात जास्त करावी लागेल. सगळ्यात महत्त्वाचं: हलवण्याच्या दोन आठवडे आधी, एका रविवारी, पूर्ण बॅकअप घेऊन, प्रत्येक यंत्र जागच्या जागी बंद करा आणि पुन्हा सुरू करा. वर्षानुवर्षं अखंड फिरणारी हार्ड डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा फिरेलच असं नसतं. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला असेल तर वीज जाताच तारीख-वेळ आणि सेटिंग उडतात. स्विचमध्ये कोणीतरी बदल केलेले असतात आणि ते कायमचे साठवायचे राहून गेलेले असतात. यंत्र बंद झालं की ते बदल गेले. हे सगळे दोष आपल्या जुन्या जागी, दिवसाउजेडी, व्हेंडर शेजारी असताना सापडायला हवेत. नाहीतर ते पहिल्या मजल्यावर रात्री दोनला सापडतील आणि सगळे म्हणतील की हलवताना बिघडलं. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून एका खातेदाराची शिल्लक जुळवून बघा.

वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा. मागच्या बाजूचे फोटो काढा, फोनमध्ये न ठेवता छापून घ्या. डिस्क काढायची वेळ आली तर कोणती डिस्क कोणत्या खाचेत होती हे तिच्यावर लिहा. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांच्या झाल्या असतील तर त्या खाली आणूच नका, नव्या थेट पहिल्या मजल्यावर बसवून घ्या.

सुरू करायचा क्रम ठरलेला असू द्या: स्विच, मग स्टोरेज, मग लॉगिन आणि वेळ सांभाळणारा सर्व्हर, मग डेटाबेस, शेवटी कोअर बँकिंगचं ॲप्लिकेशन. मेन स्विच टाकून सगळं एकदम उठवायचं नाही. मे २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरची वीज तुटली आणि मग अनियंत्रितपणे परत आली. त्यात यंत्रणा बिघडली आणि ७५ हजार प्रवासी अडकले. वीज जाण्यापेक्षा तिचं असं परत येणं जास्त महागात पडलं.

आणि पिग्मी एजंटांना आदल्या आठवड्यात कळवा. त्यांची यंत्रं सोमवारी सकाळी डेटा टाकायला येतात, तेव्हा कोणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं.

प्रश्न : सप्टेंबरअखेर जुन्या जागेचा करार संपतोय, त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्येच सर्व्हर हलवावे लागतील. पावसाचा धोका किती?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : ट्रकवर ताडपत्री टाकली की झालं, असं समजू नका. यंत्रं बावीस-तेवीस अंशांच्या खोलीतून निघतात आणि पनवेलच्या दमट हवेत येतात. थंड धातूवर आतल्या बाजूनं दव धरतं आणि ते दिसत नाही. खोलीतच प्लास्टिकमध्ये बंद करून मगच बाहेर काढा, आणि नव्या जागी पोचल्यावर काही तास तसंच राहू द्या. खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, मगच वीज द्या. लोक पोचल्या पोचल्या बटण दाबतात, त्यांना तुम्हीच अडवा.

जमलं तर घरमालकाकडून दोन महिने वाढवून घ्या. नवी जागा बघताना जनरेटर, डिझेलची टाकी आणि तिचा पंप कोणत्या मजल्यावर आहेत हे विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका इमारतीत जनरेटर वर १७ व्या मजल्यावर सुरक्षित होता, पण तळघरातली डिझेलची व्यवस्था पाण्याखाली गेली आणि माणसांनी जिन्यावरून डबे हातोहात चढवले.

प्रश्न : आयटीवाले दोन महिने दोन्ही जागांचं भाडं मागताहेत. हा खर्च टाळता येणार नाही का?
– अकाउंट्स प्रमुख, इचलकरंजी

उत्तर : टाळू नका. दोन जागा एकाच वेळी चालू असणं, यालाच ते सुरक्षितपणा म्हणताहेत, आणि ते बरोबर आहे. तुम्ही एक करा: कारखाना एक दिवस आंधळा चालला तर काय जातं याचा हिशेब मांडा. उशिराचा दंड, बसून राहिलेल्या माणसांची मजुरी, परत फिरलेल्या गाड्या, आणि नंतर हातानं नोंदी चढवायचा ओव्हरटाइम. दोन महिन्यांचं भाडं त्याच्या शेजारी लिहा. घासाघीस करायची असेल तर नव्या डेटा सेंटरशी विजेवर करा. किती किलोवॉट वापराल याचं भाडं करारात धरलेलं असतं, ते पहिल्या दिवसापासून पूर्ण न लागता टप्प्यानं वाढेल असं लिहून घ्या.

प्रश्न : आमचं स्थलांतर पार पडलं. जुने सर्व्हर आणि फायरवॉल खोलीत पडून आहेत. भंगारवाला चांगला भाव देतोय. देऊन टाकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात नाही. निदान एक मंथ एंड नव्या जागी नीट पार पडू द्या.

मग आधी फायरवॉल आणि सर्व्हरवरचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी, बाहेर काढून जपा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवणं बंधनकारक आहे, आणि यंत्र बदललं म्हणून ते माफ होत नाही. फायरवॉलमध्ये तुमच्या जाळ्याचा नकाशा आणि पासवर्डही असतात. तो मूळ स्थितीवर आणल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

डिस्कवर फाइली डिलीट करून किंवा फॉरमॅट करून डेटा जात नाही. फिरत्या डिस्कवर पूर्ण पुसण्याचं सॉफ्टवेअर चालवा किंवा चुंबकानं पुसून घ्या. एसएसडीवर चुंबकाचा उपयोग होत नाही, तिच्यासाठी कंपनीनं दिलेली पुसण्याची आज्ञा वापरा. जिथं ग्राहकांची माहिती होती त्या डिस्क सरळ तुकडे करायला द्या. बाकी सामान भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत रिसायकलरला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तेच करायला हवं. त्यांच्याकडून प्रमाणपत्र घ्या, त्यावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर हवा, आणि तुम्ही खोलीत बसून आधी केलेल्या यादीशी तो एकेक करून जुळवा. एखादा नंबर जुळत नसेल तर सही करू नका, गाडी थांबवून ठेवा.